छत्तीस मीटर दोरी आणि मूठभर हुलगे

पांढऱ्या शर्टावर आमटीचा शिंतोडा उडाला की पिवळा डाग पडतो. आई शर्ट मोरीत नेऊन डागावर साबण चोळते आणि बघता बघता पिवळ्याचा लालभडक होतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शर्टालाच काही लागलं असं वाटून घाबरलो होतो. आईने शर्ट पाण्यात खळबळून काढला, डाग पुन्हा पिवळा झाला. तिने काही समजावून सांगितलं नाही. तिला दुसरी कामं होती. मला मात्र तो रंगबदल आजही विसरता आलेला नाही.

हळदीचा पिवळेपणा कुरक्युमिन नावाच्या द्रव्याचा. साध्या पाण्यात किंवा लिंबाच्या रसात त्याचा रेणू निळा-जांभळा प्रकाश शोषतो, म्हणून तो आपल्याला पिवळा दिसतो. साबण, खायचा सोडा, चुना हे पदार्थ त्या रेणूतून हायड्रोजनचा एक कण काढून घेतात. एवढा एक कण गेला की तो रेणू हिरव्याकडचा प्रकाश शोषू लागतो आणि उरलेला प्रकाश डोळ्यांना लाल भासतो. लिंबू पिळा, कण परत मिळतो, रंग परत येतो. प्रयोगशाळेतला लाल लिटमस कागद जे सांगतो, तेच फोडणीच्या डब्यातली हळद सांगते.

तिसरी-चौथीच्या मुलांना हळदीच्या दाट पाण्यात वर्तमानपत्राच्या कडेचे कोरे कपटे बुडवून वाळवू द्या. मग त्यावर एकेक थेंब: ताक, चिंचेचा कोळ, सोड्याचं पाणी, साबणाचं पाणी, चुलीतल्या राखेचं पाणी. राखेच्या थेंबापाशी मुलं थबकतात. राखेने कागद लाल होतो, म्हणजे राख साबणाची नातेवाईक निघाली! मग आजी राखेने भांडी का घासायची, हे वेगळं सांगावं लागत नाही. देवघरातलं पारंपरिक कुंकूसुद्धा हळदीचंच, क्षाराच्या संगतीने लाल झालेलं. आणि हाताला चुना लावून हळदीच्या कागदावर ‘रक्ताचा’ पंजा उमटवणारा भोंदू गावात आला, तर ज्या पोराने हे स्वतः करून पाहिलंय ते त्याच्यापुढे हात जोडणार नाही. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि चमत्कारामागचं विज्ञान लोकांना डोळ्यांसमोर करून दाखवण्यावर आयुष्यभर भर दिला.

हळद म्हटलं की सांगली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मला त्याहून मोठं आश्चर्य वाटतं ते कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरचं. तिथे हळद साठवायची ती पेवात. पेव म्हणजे जमिनीत खोदलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद अशी खोल कोठी. हळकुंडं भरायची, तोंड मातीने लिंपून बंद करायचं, आणि वर्षानुवर्षं विसरून जायचं. कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात यातल्या बऱ्याच पेवांची नासाडी झाली, त्याची हळहळ अजून ऐकू येते.

कीड का लागत नाही? पेव उघडल्याबरोबर आत कोणी उतरत नाही, यातच उत्तर आहे. बंद पेवात श्वास चालूच असतो. बुरशीचा, किड्यांचा. आतला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि किडे स्वतःच्याच श्वासाने गुदमरून मरतात. माणूस उतरला तर त्याचीही तीच गत व्हायची, म्हणून तोंड उघडून हवा खेळू द्यायची आणि मगच उतरायचं. विषारी पावडर नाही, वीज नाही, यंत्र नाही.

हे शाळेत दाखवता येतं, तेही मटकीवर. मोड आलेली मटकी काचेच्या बरणीत निम्म्यापर्यंत भरा, झाकण गच्च लावा, रात्रभर ठेवा. सकाळी गुरुजींनी किंवा बाईंनी झाकण हळूच सरकवून तारेला बांधलेली पेटती छोटी मेणबत्ती आत सोडायची. ज्योत विझते. शेजारच्या रिकाम्या बरणीत तीच मेणबत्ती जळत राहते. मटकी श्वास घेते, हे वाक्य पुस्तकात वाचणं वेगळं आणि तिने रात्रभरात बरणीतली हवा वापरून टाकलेली बघणं वेगळं.

आता या पेवाचं टोक धरून मागे जाऊ. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. घोडचं पाणी भीमेत जातं, भीमेचं कृष्णेत. म्हणजे हरिपूरच्या घाटावर पाय बुडवणाऱ्याला हे गाव फार परकं नाही. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ पासून पुढे दीडेक दशक इथे उत्खनन केलं. सुमारे छत्तीसशे वर्षांपूर्वी वसलेलं शेतकऱ्यांचं गाव मातीखालून वर आलं. शंभराहून जास्त घरांचे अवशेष, चुली, रांजण, आणि धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे, आतून चुन्याने लिंपलेले. हरिपूरच्या पेवाचे पूर्वजच म्हणा! महाराष्ट्रात लोखंड पोचण्याआधी, लिहिता येत नसलेल्या माणसांना धान्याला हवा लागू द्यायची नाही हे ठाऊक होतं.

आणि ते काय खात होते, हेही आपल्याला माहीत आहे. जव, गहू, मसूर, वाटाणा, वाल. आणि हुलगा.

हुलगा! पाठ्यपुस्तकात त्याला कुळीथ म्हणतील, कोकणातही कुळीथच. पण साताऱ्या-सांगलीत तो हुलगा, आणि थंडीत, आजारपणात, पाऊस लागून राहिलेल्या संध्याकाळी त्याचं माडगं. माण, खटाव, जत, आटपाडी या पाऊस हुलकावणी देणाऱ्या तालुक्यांचा तो जुना सोबती, कारण त्याला पाणी कमी लागतं आणि हलकी जमीन चालते. आपल्या ताटातला हा दाणा तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीपाशी सापडतो, ही गोष्ट मला कुठल्याही राजवाड्यापेक्षा, तलवारीपेक्षा थोर वाटते.

पण तीन हजार वर्षं दाणा टिकला कसा? पोत्यातला हुलगा दोन-तीन पावसाळ्यांत किडतो, सडतो. उत्तर स्वयंपाकघरातल्या एका चुकीत आहे. कुणाच्या तरी हातून भाजताना दाणे करपले, किंवा खापरातून निखाऱ्यात सांडले. करपलेला दाणा कोळसा होतो, आणि कोळसा ना बुरशीला खाता येतो ना किड्याला. दाण्याचा आकार मात्र तसाच राहतो. त्या दिवशी त्या घरात कुणी तरी बोलणी खाल्ली असतील. त्याच करपलेल्या दाण्यांनी आपल्याला त्यांची पानं वाढून दाखवली.

उत्खननातल्या मातीतून हे दाणे वेगळे करायची एक रीत तर इतकी घरगुती आहे की ऐकून हसूच येतं. माती पाण्यात कालवतात. माती खाली बसते, हलका कोळसा वर तरंगतो, तो बारीक जाळीवर धरतात. आई तांदूळ धुताना फोलपट वर काढते, अगदी तसंच. वर्गात करायचं तर मूठभर हुलगे तव्यावर काळे होईपर्यंत जाळा, मूठभर कच्चे घ्या, दोन्ही एका बादलीभर मातीत मिसळा आणि ‘उत्खनन’ मुलांच्या हवाली करा. पाण्यावर काळे दाणे तरंगून आले की जो गलका होतो तो कुठल्याही घंटेने थांबत नाही. दुसऱ्या एका कुंडीत काही जळके आणि काही कच्चे दाणे पुरून ठेवा, रोज पाणी शिंपडा, महिन्याने उकरून बघा. कच्च्याची रोपं झालेली असतील किंवा चिखल. जळका होता तसाच.

मग उरलेल्या हुलग्यांचं माडगं करायचं. यातही पावलापावलावर प्रश्न आहेत. हुलगे आधी भाजायचे का? खरपूस वास सुटतो म्हणून. तो वास म्हणजे दाण्यातली प्रथिनं आणि साखर यांची उष्णतेने होणारी गाठभेट. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं, तिचं नाव त्याच्यावरून पडलं. भाकरीवरचे तपकिरी डागही तिचेच. भाजून दळलेलं पीठ थेट उकळत्या पाण्यात का टाकायचं नाही? गुठळ्या होतात. गुठळी फोडून बघा: बाहेर चिकट कवच, आत कोरडं पीठ. गरम पाणी लागताच बाहेरच्या पिठातले स्टार्चचे कण फुगून त्यांची खळ होते आणि तीच पाण्याला आत जायची वाट बंद करते. म्हणून पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, मग ते उकळत्या पाण्यात सोडायचं आणि ढवळत राहायचं. कुणी गूळ घालतं, कुणी लसूण-जिऱ्याची फोडणी देतं; त्यावर वर्गात भांडण झालं तर होऊ द्यावं.

आणि भाकरी गरम पाण्यात का मळतात, चपाती साध्या पाण्यात का चालते? गव्हात ग्लूटेन नावाचं ताणलं जाणारं प्रथिन असतं, ते पिठाला धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही. म्हणून ज्वारीच्या पिठातलाच थोडा स्टार्च गरम पाण्याने चिकट करून त्याच्याकडून ते काम करून घ्यायचं. हा शोध कुणी लावला, केव्हा, कुठल्या गावात? कुणाच्याच नावावर त्याची नोंद नाही. तो घराघरातल्या बायकांनी लावला आणि मुलींना हातात हात धरून शिकवला.

ताट समोर आहेच, तर मुलांना विचारावं: यातला सगळ्यात जुना रहिवासी कोण? ज्वारी मूळची आफ्रिकेची, सुदानकडची. मिरची आणि शेंगदाणा अमेरिका खंडातले. पोर्तुगीज गलबतांनी हिंदुस्थानचा किनारा गाठला तो १४९८ साली, आणि त्यानंतरच त्या दोघांना इकडे यायची वाट मिळाली. म्हणजे शेंगदाण्याचा कूट आणि मिरची घालून केलेला आपला सातारी म्हाद्या ज्ञानेश्वरांच्या काळी कुणी चाखलेला असणं शक्यच नाही. तिखट खायचं तर मिरी होती. हुलगा मात्र इथला, या देशातच लागवडीला आलेला.

‘फार फार वर्षांपूर्वी’ हे शब्द मुलांच्या मनात नीट बसत नाहीत. आठ वर्षांच्या पोराला आजोबांचं लहानपण आणि पांडवांचा वनवास साधारण एकाच अंतरावर दिसतात. त्यावर दोरी हा उपाय आहे. एका वर्षाला एक सेंटिमीटर. चौथीतलं मूल स्वतःच्या वयाची गाठ मारतं: बोटभर लांब. आजीची गाठ हातभराच्या अलीकडे-पलीकडे. देशाला स्वातंत्र्य मिळालं ती पाऊण मीटरच्या थोडी पुढे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, १६७४, साडेतीन मीटरवर. दोरी अजून वर्गातच आहे. मिरचीची गाठ सव्वापाच मीटरच्या आतच कुठे तरी. ज्ञानेश्वरी, १२९०, सात मीटरच्या पुढे, म्हणजे दाराबाहेर, व्हरांड्यात. मग दोरी मैदानात उतरते आणि बराच वेळ नुसती चालत राहते. एकवीस मीटरच्या आसपास एक गाठ मारायची ती कराडची.

मध्य प्रदेशातल्या भरहुत इथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला बौद्ध स्तूप होता. त्याच्या दगडी कठड्यावर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत ‘करहकट’ नगराच्या निगमाचं दान नोंदलेलं आहे. अभ्यासकांच्या मते ते आपलं कराड. कोकणात कुडे लेण्यांतही करहाकडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने दान दिल्याचा लेख आहे. कराडजवळ जखिणवाडी-आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत, तीही साधारण दोन हजार वर्षांची. कराडच्या जिल्हा परिषद शाळेतलं मूल मैदानात त्या गाठीपाशी उभं राहून मागे वर्गाच्या दाराकडे बघतं तेव्हा काळ म्हणजे काय ते त्याच्या पायांना कळतं. आणि इनामगावच्या पहिल्या घरांची गाठ तिथून अजून पंधरा मीटर लांब, छत्तीसाव्या मीटरवर, बहुतेक शाळांत कुंपणाच्या पलीकडे.

लेणी लांब असतील तर वीरगळ तरी जवळ असतोच. मारुतीच्या देवळापुढे, पाराच्या कडेला, शेंदूर फासून उभा केलेला तो कप्प्याकप्प्यांचा दगड खालून वर वाचायचा असतो: तळाशी लढाईत पडलेला वीर, त्याच्या वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, माथ्यावर चंद्र-सूर्य. दुपारी बाराला काही दिसत नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जा, किंवा आरशाने उन्हाची तिरीप बाजूने पाडा. उठावाच्या सावल्या पडतात आणि घोड्याची आयाळसुद्धा दिसते. खडू किंवा रंग मात्र त्याला लावू नये.

हे सगळं नवं नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागोत एक प्राथमिक शाळा काढली. तिथे मुलं स्वयंपाक करत, कापसाची सरकी हाताने काढून बघत, आदिमानवाने काय कसं केलं असेल ते स्वतः करून पाहत. रसायन, इतिहास, गणित त्यातून शिकत. हेच ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकलेला त्यांचा एक विद्यार्थी लहानपणी साताऱ्यात शाळेत होता. भीमराव आंबेडकर. साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचं नाव दाखल झालं ७ नोव्हेंबर १९०० रोजी. महाराष्ट्र तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. शाळेत बसायला त्यांना घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे, आणि नळाला हात लावायची बंदी होती. शिपायाने तोटी उघडली तरच पाणी. शिपाई नसला तर तहान तशीच. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

हाताने शिकण्याबद्दल साताऱ्यात बसून लिहायचं तर ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. हळदीच्या कागदावर थेंब टाकणं, एका पातेल्यातलं माडगं ढवळणं, याचा अर्थ इथे दुप्पट आहे. भाऊराव पाटलांनी तो ओळखला. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली, आणि वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकाच चुलीवरचं अन्न एका पंगतीत खाऊ लागली. पोटाला कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकून त्यांना जेवू घातलं. ‘कमवा आणि शिका’ म्हणताना भाऊरावांना शेतातलं, चुलीपाशचं कामही शिक्षणातच मोजायचं होतं.

पुढची नावंही याच मातीतली. अमेरिकेतून आलेल्या आणि भारताच्या नागरिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर पीएच.डी. केली आणि तिथेच १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा सुरू केली. बोलीचा असा बारकाईने अभ्यास केलेल्या माणसाला पोराच्या ‘हुलग्या’त चूक दिसणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटात विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार, प्रत्यक्ष वर्गात आणला. वर्गातल्या फरश्या मुलांच्या खेळांनी, अंकांनी, अक्षरांनी भरल्या, आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षक येऊन गेले. खर्च फार नव्हता. साधनं गारगोट्या, काड्या, चिंचोके अशीच.

शाळेत पोषण आहार रोज शिजतो. पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात अश्मयुग आहे, शेतीची सुरुवात आहे. म्हणजे चूल आहे, धडा आहे, मुलं आहेत. शिक्षकांना विनंती अशी की येत्या एखाद्या शनिवारी दप्तरं बाजूला ठेवावीत, दोरी मैदानात न्यावी आणि एका पातेल्यात माडगं शिजू द्यावं. पालकांना विनंती अशी की त्या दिवशी पोराचे कपडे हळदीने माखतील, त्यावर रागवू नये. हुलगे किलोभर पुरतात. त्यात खडे फार असतात, तेवढे नीट निवडून घ्यावेत, आणि निवडायचं कामही मुलांनाच द्यावं.